टीचरांचं नखेत्र

टीचर गेल्या. निवृत्तीनंतर त्यांचे पत्ते दोनच: चर्च नाहीतर घराचा बाल्कांव, म्हणजे दारापुढची बसायची ओसरी.

वेदीच्या कापडाची क्रोशाची लेस त्या पातळ पेजेत बुडवून उलट्या बाजूने इस्त्री करत. पण खरा हात नाताळाच्या नखेत्रात, म्हणजे चांदणीच्या आकाराच्या आकाशकंदिलात. 2 फुटी 10 कामट्या. 5-5 च्या दोन चांदण्या, टोकं एकत्र आवळलेली. कामट्या एकमेकींना छेदतात त्या 5 जागी दोन्ही चांदण्यांच्या मधे 6 इंची काड्या ठोसल्या की पोट फुगतं. बांबू ओला असला तर वाळताना आकसतो, गाठी सैलावतात, पतंगी कागद सुरकुततो. एक कामटी अर्धा इंच तोकडी, की चांदणी लंगडी! खळ मैद्याची, अगदी पातळ. बल्बसाठी खालचं तोंड उघडं.