कुकरी आडवी ठेवा

नेपाळात अन्नपूर्णा शिखराच्या पायथ्याशी घांद्रुक गावी एका दुपारी जेवणाची वाट पाहत बसलो असताना घरच्या दिदींनी कुकरीने आधी चुलीसाठी ढलप्या काढल्या, मग तीच कुकरी फडक्याला पुसून लाल भोपळा फोडला, आणि या हत्याराविषयीचा माझा आजवरचा दरारा त्या भोपळ्याबरोबरच दुभंगला. १८१४ ते १८१६ च्या इंग्रज-नेपाळ युद्धात इंग्रजांनी तिची धास्ती घेतली. म्यानाबाहेर आलेली कुकरी रक्त चाखल्याखेरीज परत जात नाही, ही दंतकथाही आपण लहानपणापासून ऐकतो. ती खरी असती, तर नेपाळात भाजीपेक्षा बोटेच अधिक चिरली गेली असती.

दिदींच्या हाताला जोर करावा लागत नव्हता. पाते पुढे वाकलेले आणि तिथेच जड असल्याने ते उचलायचे तेवढे आपण, पडायचे ते आपोआप. ‘कामी’ जातीचे लोहार बहुधा ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांतून ते घडवतात आणि तापलेल्या पात्याच्या फक्त धारेवर किटलीने पाणी ओतून धार कडक व पाठ चिवट ठेवतात. म्यानाच्या पाठीशी दोन पिल्ले, म्हणजे छोट्या सुऱ्या, असतात, त्यांपैकी धारेच्या ‘कर्दा’ने आले सोलले गेले, धार लावायच्या बोथट ‘चकमक’ला त्या दिवशी काम नव्हते.

मग कोंबडी आली. भाजीची चुलेसी, म्हणजे त्यांची विळीच, कोपऱ्यात होती. पण हाडांसाठी दिदींनी कुकरीचीच मूठ पायाखाली दाबून पाते उभे धरले आणि मांस त्यावर ओढू लागल्या. मला आमच्या कोकणातल्या माजघरात विळीवर बसलेली आजी दिसली. फणस चिरताना ती गप्पा मारी, हसे, पण काम संपल्यावर विळी उभी राहिलेली दिसली की तिचा आवाज चढे, “आधी ती आडवी कर!” कारण तिने कधी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही, आजही परक्या घरातली उभी विळी मला बघवत नाही.

ज्या ओंडक्यावर भोपळा फुटला त्याला तिकडे ‘अचानो’ म्हणतात, आणि अचानोचे दुःख खुकुरीला कळत नाही, अशी त्यांची म्हण आहे. दिदी कुकरी त्याच ओंडक्यात रुतवून पाणी आणायला गेल्या. मला राहवले नाही. मी ती उपसून जमिनीवर आडवी ठेवली.

दिदी परतल्या, त्यांनी कुकरीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि काही न बोलता ती उचलून पुन्हा ओंडक्यात रुतवली.