संकल्पांचं नवं-जुनं

माझ्या ओळखीतले बहुतेक लोक 31 डिसेंबरला येत्या वर्षाचे संकल्प लिहितात. मी त्या दिवशी थकबाकीची यादी बघत असते. मिरजेतल्या एका नागरी सहकारी बँकेत मी कर्ज विभाग सांभाळते आणि आमच्या लेखी 31 डिसेंबर म्हणजे तिमाहीअखेर. कोणाचा हप्ता किती दिवस थकलाय, कोणतं खातं एनपीएच्या, म्हणजे अनुत्पादक कर्जाच्या, दारात उभं आहे, कोणाला दुपारपर्यंत फोन केला तर निदान एक हप्ता तरी येईल, यातच रात्रीचे आठ वाजतात. सांगलीला घरी पोचेपर्यंत केकचा कडेचा एक तुकडा माझ्यासाठी झाकून ठेवलेला असतो.

या नोकरीचा परिणाम असा झालाय की मी माझे संकल्पसुद्धा कर्जखात्यांसारखे ठेवते. रुक्ष वाटेल ऐकायला. नवरा तर म्हणतो, तू आमच्या लग्नाचंही खातं उघडलं असशील. (नाही उघडलं. तारण काय घ्यायचं ते ठरत नाही.)

आमचा नियम सोपा आहे. हप्ता किंवा व्याज 90 दिवसांपेक्षा जास्त थकलं की खातं अनुत्पादक. पण बँक 90 दिवस हातावर हात ठेवून बसत नाही. थकायला आलेल्या खात्यांवर लक्ष ठेवायला एसएमए नावाच्या पायऱ्या आहेत: पहिल्या 30 दिवसांत ते खातं एसएमए-0 मध्ये, पुढच्या 30 दिवसांत एसएमए-1 मध्ये, मग 90 पर्यंत एसएमए-2 मध्ये दिसतं. आधी फोन, मग पत्र, मग घरी चक्कर. ज्यांनी वसुली केली आहे त्यांना विचारा, पैसे यायचे ते पहिल्या दोन महिन्यांतच येतात. नंतर माणूस फोन उचलत नाही, रस्त्यात दिसला तर पानपट्टीच्या आड जातो.

संकल्पाचंही तसंच होतं. जानेवारीत चुकलेला पहिला हप्ता कोणी विचारत नाही, फेब्रुवारीत आपण स्वतःचीच नजर चुकवायला लागतो आणि मग थेट पुढच्या डिसेंबरात आठवण. म्हणून माझ्याकडे एक लांबडं रजिस्टर आहे, एका संकल्पाला एक पान. वर मंजुरीची तारीख, त्याखाली आठवड्याचा हप्ता, त्याखाली जामीनदाराचं नाव. उलटतपासणी दर तिमाहीला.

2025 मधलं सगळ्यात सरळ खातं साखरेचं. एचबीएवनसी नावाची जी तपासणी असते ती साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगते, कारण रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे 120 दिवस जगतात आणि तेवढ्या दिवसांचा हिशेब त्यांच्या अंगावर चढलेला असतो. आदल्या दोन दिवसांत गोड बंद करून हा आकडा फसवता येत नाही. डॉक्टर तिमाहीला तपासायला सांगतात तेव्हा मला फार आपलं वाटतं. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. जानेवारीत माझा आकडा 6.3 होता, डिसेंबरात 5.9. हप्ता एवढाच ठेवला होता की रात्री जेवल्यावर चालायचं आणि भात दिवसातून एकदाच. गणपतीत मोदकांनी एक तिमाही बिघडवली, बाकी खातं नियमित.

कन्नडचं खातं जरा मजेचं. मिरजेपासून कर्नाटकातलं कागवाड जवळ, पुढे अथणी. दवाखान्यासाठी, बाजारासाठी तिकडची माणसं रोज मिरजेत येतात, त्यातली काही आमच्या काउंटरला. बरेच जण मराठी सफाईनं बोलतात, पण म्हाताऱ्या बायका व्याजाचा दर कन्नडमध्ये विचारतात आणि मी मान हलवते. म्हणून संकल्प केला कन्नड शिकायचं. हप्ता असा की रोज दुपारी डबा खाताना दोन वाक्यं. जामीनदार आमच्या शाखेतले शिपाईमामा, मूळचे अथणीकडचे.

बँकेत जामीनदार निवडताना मी एक गोष्ट बघते. कर्जदार बुडाला तर याला तोशीस लागणार आहे का? नवऱ्याला जामीनदार घेऊ नये ते याचसाठी, तो "जाऊ दे गं, दमलीस" म्हणून मोकळा होतो. मामांना तोशीस लागत होती, कारण मी शिकले नाही तर प्रत्येक कन्नड ग्राहकाला समजावायला त्यांनाच उठावं लागणार होतं. त्यामुळे ते डबा उघडायच्या आधी विचारायचे, कालचं वाक्य? "ऊट आत्री?" (जेवलात का?) झालं, "सही इल्लि माडरी" (सही इथे करा) झालं. सगळ्यात आधी पाठ झालं ते "नाळे बर्री", उद्या या. सहकारी बँकेत एवढं एक वाक्य आलं तरी निम्मं काम भागतं.

तरीही सप्टेंबरच्या तिमाहीला हे खातं एसएमए-1 मध्ये होतं. कारण मामा मुलीच्या बाळंतपणासाठी रजेवर गेले आणि वसुली बंद पडली. इथे मी हप्ता बदलला. बोलणं बाजूला ठेवून लिपी घेतली. एकटीनं होण्यासारखं काम, रोज एक अक्षर, आणि मिरज स्टँडवर कर्नाटकाच्या एसटीची पाटी वाचून बघायची. याला आमच्याकडे पुनर्रचना म्हणतात. कर्जदाराची परिस्थिती खरंच बदलली असेल तर हप्ता लहान करायचा, मुदत वाढवायची, पण ते थकून गळ्याशी यायच्या आधी.

आता ज्या खात्यानं मला वर्षभर झुलवलं त्याबद्दल. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, नावावर तासगाव तालुक्यात थोडी द्राक्षबाग आहे. ते गेल्यावर सातबाऱ्यावर वारसनोंद करायची राहिली होती. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, अर्ज, मग तलाठी, म्हणजे आताचा ग्राम महसूल अधिकारी, फेरफार धरणार, 15 दिवसांची नोटीस निघणार, कोणाची हरकत आली नाही की मंडल अधिकारी नोंद मंजूर करणार. कागदावर एवढं सरळ. 2025 च्या जानेवारीत मी ते पान उघडलं आणि हप्ता लिहिला, आठवड्याला एक कागद.

मार्चअखेर खातं थकलं. जूनअखेर एनपीए. दादा पुण्याला, धाकटी बहीण इचलकरंजीला, आई गावी. धाकटीचं आधार कार्ड आणि सही येत नव्हती. आज पाठवते, उद्या पाठवते, मुलाची परीक्षा, कारखान्याची शिफ्ट.

वसुलीला नवीन आलेली पोरं थकबाकीदाराला पहिलं विचारतात, "कधी भरणार?" मग तारीख मिळते, आणि ती तारीख खोटी असते. मुरलेला माणूस चहा घेतो आणि विचारतो, "काय झालंय?" जूनअखेरची यादी संपवल्यावर मी धाकटीला फोन केला आणि कागदाचं नाव न काढता तेच विचारलं. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाली, वारसनोंदीबरोबर दादा हक्कसोडवर सही मागेल ना, ताई? तिला नाही म्हणायचं नव्हतं आणि हो पण म्हणायचं नव्हतं. म्हणून ती कागदच पाठवत नव्हती.

दादानं हक्कसोडचा विषय काढलाच नव्हता. पण आमच्याकडे बहिणींनी आपला वाटा सोडून सही करून द्यायची असते हे इतकं गृहीत आहे, की कोणी काढायची वाट बघावी लागत नाही. महाराष्ट्रात 1994 च्या दुरुस्तीनं आणि देशभर 2005 च्या दुरुस्तीनं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क मिळाला. हे बँकेत कर्ज विभागात बसून मी रोज दुसऱ्यांना सांगते, घरात कोणी बोललं नव्हतं. मी तिला एवढंच सांगितलं की वारसनोंद वेगळी, हक्कसोड वेगळं. वारसनोंदीला सगळ्या वारसांची नावं लागतात, म्हणजे आई, दादा, तू, मी. हक्कसोडपत्र हा स्वतंत्र दस्त, त्याची नोंदणी करावी लागते, आणि ते करायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं. मग दादालाही फोन केला. तो आधी चिडला, "मी मागितलंय का?" नंतर गप्प झाला. नंतर म्हणाला, तिला सांग, मी मागणार नाही. मी म्हटलं, तू सांग. त्याला सांगायला दिवाळी उजाडली, पाडव्याला सांगितलं त्यानं.

कागद आठवड्यात आले. सातबाऱ्यावर आता चार नावं आहेत.

या खात्याकडून मी एक धडा रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. सहकर्जदार असलेला संकल्प असेल तर हप्ता आपल्या हातातला ठेवावा. "धाकटीचे कागद मिळवणे" हा माझा हप्ता होऊच शकत नव्हता. "दर रविवारी धाकटीला फोन" हा झाला असता.

नवऱ्याची पद्धत वेगळी. त्याचं कृषी सेवा केंद्र आहे, त्यामुळे दर जानेवारीला खत आणि औषध कंपन्यांच्या जाडजूड डायऱ्या घरात येतात. त्यातली सगळ्यात चकचकीत तो स्वतःला ठेवतो आणि पहिल्या पानावर लिहितो: वजन 10 किलो कमी करणे. फेब्रुवारीपासून त्या डायरीत उधारी लिहिली जाते. पुढच्या वर्षी नवी डायरी, नवं पान, तेच वजन. किंबहुना जरा वाढलेलं.

सोसायटीचं पीककर्ज घेणाऱ्यांना हा प्रकार चांगला माहीत आहे. मार्चअखेर जवळ आली की कुठून तरी हातउसने पैसे आणून जुनं कर्ज भरायचं, एप्रिलमध्ये नवं उचलायचं, उसने परत करायचे. नवं-जुनं झालं. कागदोपत्री माणूस नियमित, व्याजसवलतीला पात्र, आणि कर्ज जिथल्या तिथे. अण्णांनी हे वर्षानुवर्षं केलं, पण त्यांना दोष कसा देऊ, द्राक्षाचा पैसा बेभरवशाचा. बँकेत मात्र जुनं खातं झाकायला नवं कर्ज देणं रिझर्व्ह बँकेला चालत नाही, तपासणीत सापडलं तर शाखाधिकाऱ्याची धडगत नसते. 1 जानेवारीला बहुतेक घरांत होतं ते हेच. थकलेल्याचा पंचनामा होत नाही, नव्या तारखेनं तोच संकल्प पुन्हा मंजूर होतो, आणि दोन दिवस अगदी स्वच्छ वाटतं.

2025 मध्ये मी एक खातं निर्लेखित केलं. सीएआयआयबी, ही बँकवाल्यांची वरच्या पातळीची परीक्षा. तिच्या आधीची जेएआयआयबी लग्नाआधी झाली होती, पुढची परीक्षा दरवर्षी देणार होते. पुस्तकं जुनी झाली, अभ्यासक्रम बदलला, माझी बढती त्याच्याशिवाय होऊन गेली. डिसेंबरात त्या पानावर आडवी रेघ मारली. निर्लेखन म्हणजे कर्जमाफी नव्हे, हे ग्राहकांना समजावून माझा घसा सुकतो. ताळेबंद स्वच्छ होतो, वसुलीचा हक्क राहतो. उद्या मनात आलं तर देईन. पण दर जानेवारीला ती परीक्षा माझ्या इतर संकल्पांच्या वाट्याचा वेळ अडवून बसायची, ते बंद झालं. रेघ मारल्यावर वाईट वाटेल असं वाटलं होतं. भूक लागली.

पोहण्याचं काय करायचं यावर मात्र अडले होते. उन्हाळ्यात बायकांच्या बॅचला नाव घातलं, हातपाय मारता येऊ लागले, आणि खांदा आखडला. साखर वर असलेल्यांना हे दुखणं जास्त गाठतं म्हणे डॉक्टर. 90 दिवस कधीच उलटून गेले. पण पीककर्जाला आमच्याकडे 90 दिवसांचा नियम लागत नाही. कमी मुदतीचं पीक असेल तर दोन हंगाम हप्ता थकला तरच खातं अनुत्पादक होतं, कारण पैसा पिकाबरोबर येतो, महिन्याबरोबर येत नाही. पोहणंही हंगामी. मी त्याला पीककर्जात टाकलं. अजून एक उन्हाळा आहे त्याच्या हातात.

2026 साठी तीनच पानं उघडली आहेत. कर्ज मंजूर करताना आधीचे हप्ते पगारातून वजा करून उरतं ते बघतो, तसंच माझ्या वेळेचं केलं. बँक, स्वयंपाक, आईसाठी गावाकडे जाणंयेणं वजा जाता जे उरतं त्यात तीनच बसतात. मार्च महिन्याला हप्त्याची सूट, कारण मार्चमध्ये बँकवाल्याकडून कशाचीच अपेक्षा करू नये. 31 तारखेला उलटतपासणी शक्यच नाही, म्हणून ती गुढीपाडव्याला घेतली आहे, 2026 चा पाडवा 19 मार्चला.

साखरेचं खातं चालू. कन्नड चालू, मामा परत आलेत, नातीचे फोटो दाखवून झाले की वसुली सुरू करतात. आणि पोहणं. त्याला जामीनदार मिळत नव्हता. गेल्या रविवारी धाकटीशी बोलताना कळलं की इचलकरंजीत ती कधीपासून पोहायला जाते, मला पत्ताच नव्हता. तिचं नाव घातलंय. तोशीस काय लागणार, असं तिनं विचारलं. मी बुडले तर तुला यावं लागेल, म्हटलं. पहिला हप्ता एप्रिलमध्ये.