तुम्ही विचारलेत म्हणून : शिमल्याची जुनी हॉटेले

शिमल्याला निघालेले स्नेही मला राहण्याची जागा विचारतात, आणि परत आले की हमखास दुसरा प्रश्न विचारतात : एवढ्याशा डोंगरी शहरात ही अवाढव्य हॉटेले कोणासाठी बांधली असतील? थंड हवा हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. थंड हवा महाबळेश्वरलाही होती आणि मुंबई इलाख्याचे सरकार उन्हाळ्यात तिथे जातही असे; पण शिमल्याला येत होते ते अवघ्या हिंदुस्थानचे सरकार, आणि तेही वर्षातले कित्येक महिने.

१८६४ साली व्हाइसरॉय जॉन लॉरेन्स यांनी शिमल्याला उन्हाळी राजधानी केले. तेव्हापासून दरसाल दप्तरे, सचिव आणि कारकून कलकत्त्याहून निघून डोंगर चढत आणि थंडीच्या तोंडावर खाली उतरत. १९०३ मध्ये कालका–शिमला रेल्वे सुरू होईपर्यंत ही चढण टांग्यातूनच होई. ज्यांना बंगला मिळत नसे त्यांना खोली हवी असे ती रात्रीपुरती नव्हे, हंगामभर. ही हॉटेले म्हणजे साहेबलोकांच्या चाळीच होत्या, असे मी म्हणतो तेव्हा ऐकणारे हसतात. पण भाडेकरूंची स्थिरता पाहिली तर उपमा फार चुकीची नाही.

व्हाइसरॉय लॉर्ड मेयोंचा हलवाई म्हणून १८६९ मध्ये आलेला इटालियन फेदेरिको पेलिती पुढे इथला नामांकित हॉटेलवाला झाला, तोही या सरकारी वर्दळीवरच. ग्रँड हॉटेल त्याचेच.

मात्र मला सर्वांत मोलाची वाटते ती सेसिल हॉटेलची गोष्ट. इंग्रज लेखक किपलिंग १८८३ मध्ये राहिला ते टेंड्रिल कॉटेज याच जागी होते, आणि पुढे तिथे हे हॉटेल उभे राहिले. १९२२ साली मोहनसिंग ओबेरॉय नावाचा पंजाबी तरुण शिमल्यात सरकारी नोकरीच्या आशेने आला, ती मिळाली नाही, म्हणून सेसिलमध्ये महिना पन्नास रुपयांवर कारकून झाला. १९३४ मध्ये पत्नीचे दागिने आणि होते नव्हते ते गहाण ठेवून त्यांनी शिमल्यातलेच क्लार्क्स हॉटेल घेतले. १९४३ मध्ये असोसिएटेड हॉटेल्स ऑफ इंडिया या कंपनीची सूत्रे हाती येताच सेसिलही त्यांचे झाले. फाळणीत याच कंपनीची लाहोर, रावळपिंडी आणि पेशावरची हॉटेले सीमेपलीकडे गेली, हा तपशील सहसा कोणी सांगत नाही. ज्या सरकारने त्यांना नोकरी दिली नाही, त्याच सरकारच्या पाहुण्यांवर हा धंदा उभा राहिला, यातली गंमत मला दरवेळी नव्याने जाणवते.

शहराबाहेर छराबड्याला वाइल्डफ्लॉवर हॉल आहे, जिथे सरसेनापती किचनेर राहत. तिथले जुने हॉटेल १९९३ च्या आगीत गेले. आज दिसते ती इमारत नवी आहे, त्यामुळे तिथल्या जुनेपणावर फार भाळू नये.

आणि पेलितीचे ग्रँड? त्याच्या जागेवर आता केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी हॉलिडे होम आहे.