‘हो’ दरवाज्यापुढचा उतार

जपानमधल्या हिमेजीच्या किल्ल्यात पर्यटक हरवत नाहीत. जागोजागी बाण आहेत, वळणांवर कर्मचारी उभे असतात आणि गर्दीच्या दिवसांत मागे फिरायला जागाच नसते. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात पुण्याहून आलेल्या बावीस जणांपैकी एक जण तेन्शुच्या, म्हणजे मुख्य मनोऱ्याच्या दाराशी कमी भरला, तेव्हा मला वाटलं स्वच्छतागृहात गेले असतील. सत्तरीचे काका. सह्याद्रीतले शंभराहून जास्त गड पायी पाहिलेले. असा माणूस वाट चुकेल हे मनातही आलं नाही.

ते सापडले अगदी खाली, हिशी दरवाज्याच्या आतल्या चौकोनी तळ्याच्या काठावर. वहीत काहीतरी रेखाटत बसले होते.

“अगं, तो उताराचा रस्ता बाहेर जायचा दिसला,” ते म्हणाले. “म्हटलं आपण चुकलो, तुम्ही दुसऱ्या दाराने वर गेला असाल. म्हणून फिरलो.”

त्यांची चूक नेमकी कुठे झाली हे कळायला वाट कळायला हवी. हिशी दरवाज्यातून आत आलं की तेन्शु समोर, हाताच्या अंतरावर असल्यासारखा दिसतो. सरळ रेषेत अंतर आहे सव्वाशे-दीडशे मीटर. चालावं लागतं त्याच्या सव्वादोन-अडीच पट. आमच्या सहलींचं वेळापत्रक बनवणारे हे अंतर बहुधा फुटपट्टीने मोजतात, कारण मिळतात दीड तास, त्यातच बूट काढून पिशवीत घेणं आणि शिडीसारखे उभे जिने मोज्यांवर चढणं-उतरणं. गुडघेदुखीवाले चार जण असतील तर तेवढ्यातच अर्धा तास गेला.

पुढच्या दरवाज्यांना जपानी मुळाक्षरांच्या जुन्या क्रमाने नावं आहेत: इ, रो, हा, नि, हो. आपण क, ख, ग म्हणू तसं. ‘हा’ दरवाज्याकडे चढताना तेन्शु समोर असतो. दरवाजा ओलांडला की वाट जवळजवळ उलटी फिरते आणि तेन्शुकडे पाठ होते. ‘नि’ला छत खाली येतं आणि वाट पुन्हा वळते. आपल्या गोमुखी दरवाज्यात एक वळण असतं, इथे तेच वळण पुन्हापुन्हा घातलंय. चालताना डाव्या-उजव्या भिंतींत जंग्या दिसत राहतात: गोल, त्रिकोणी आणि चौकोनी भोकं बंदुकांसाठी, उभी लांबट बाणांसाठी. बाहेरून तोंड अरुंद, आत रुंद. आज सुमारे हजार उरल्या आहेत. काका त्या मोजत, फोटो काढत मागे राहिले होते.

मग येतो ‘हो’. ह्या नावावर प्रत्येक मराठी गटात एक विनोद होतोच. दार बुटकं, लोखंडी पट्ट्या ठोकलेलं. त्याला लागून एक मातकट भिंत उभी आहे. सगळा किल्ला पांढरा आणि ही एवढीच उघडी, थरावर थर ठोकून केलेल्या मातीची. आणि इथून पाण्याच्या नावाच्या दरवाज्यांची मालिका सुरू होते: पाण्याचा पहिला, दुसरा, तिसरा. पहिल्यापासून वाट खाली उतरते. तेन्शु डोक्यावर आहे आणि पाय उताराला लागलेत! काका इथे थांबले. पुढे-मागे कोणी नव्हतं. त्यांनी विचार केला आणि फिरले.

आम्ही गाइड हे वर्षानुवर्षं सांगतो: शत्रूला वाट चुकल्यासारखं वाटावं म्हणून हा उतार. लोक मान डोलावतात आणि दंतकथेतल्या ओकिकू दासीचं विहिरीतलं भूत कधी येणार म्हणून विचारतात. (काही गाइड तर भुतापासूनच सुरुवात करतात. त्यांना टिप चांगली मिळते.) तो उतार खरोखर काम करताना मी पहिल्यांदाच पाहिला.

पण तेव्हापासून माझाच माझ्या वाक्यावरचा विश्वास थोडा ढळलाय. हा किल्ला कधी लढला नाही. आजचा तेन्शु इथला सरदार इकेदा तेरुमासाने 1601 ते 1609 मध्ये बांधला, तोही कोऱ्या जागेवर नाही. 1580 च्या सुमारास सेनापती हिदेयोशीने इथे तीन मजली मनोरा उभारला होता. 1956 ते 1964 च्या मोठ्या दुरुस्तीत तेन्शु पूर्ण उतरवला, तेव्हा त्या जुन्या मनोऱ्याचा पाया खाली सापडला. म्हणजे वाटेचे काही चढ-उतार टेकडीचे, काही हिदेयोशीच्या टप्प्यांचे असू शकतात. हा उतार कुणी ठरवून ठेवला, की होता तो कामाला लावला? मला दुसरं जास्त पटतं.

त्याच दुरुस्तीची गोष्ट मात्र मी वेळ नसला तरी गाळत नाही. बाहेरून पाच मजले, आत सहा आणि एक तळघर. हे सगळं तोलणारे दोन महाखांब, प्रत्येकी साधारण पंचवीस मीटर. पश्चिमेचा कुजला होता. बदलायला किसोच्या जंगलातून हिनोकीचा (जपानी सायप्रसचा) अखंड खांब निघाला आणि वाटेतच मोडला. शेवटी दोन लाकडं तिसऱ्या मजल्यावर सांधून खांब उभा केला. पूर्वेचा जुनाच ठेवला, फक्त बुंधा नवा. तिसऱ्या मजल्यावर लोक खिडकीशी फोटोसाठी रांग लावतात, सांध्याकडे पाठ करून.

काकांना मात्र खांब बघायचे नव्हते. पंचवीस मिनिटं उरली होती. ते म्हणाले, वर जायचंच नाही, मला परत ‘हो’पाशी ने. तिथे उभ्या कर्मचाऱ्याला त्यांनी माझ्याकरवी विचारलं, इथून लोक परत फिरतात का? तो हसला. क्वचित, म्हणाला, गर्दी नसली की.

काकांनी ते वहीत लिहून घेतलं आणि बसपर्यंत वाद घालत आले. “एकटा माणूस फिरतो. फौज नाही फिरणार. मागून रेटा असतो ना!”

मी म्हटलं, मग उतार फुकटच गेला की.

“छे. रेटा आहे, दार एका माणसाचं आहे आणि पुढे उतार. पुढचा थबकला तर काय होईल?” त्यांनी वही उघडून दाखवली. ‘हो’च्या चौकटीपाशी त्यांनी इवले इवले ठिपके काढले होते, एकमेकांवर चढलेले, आणि वरच्या तटावर चार रेघा, चार जंग्यांच्या.