उठणारा बैल

श्रावण वद्य त्रयोदशी, रात्रीचे साडेदहा

लेकरं झोपली. पाऊसही आत्ताच थांबला. ओट्यावर ताटात बैल वाळत ठेवलाय आणि मी मुद्दाम त्याच्याकडं पाठ करून बसले आहे.

सकाळी चिऊनं त्याला पाहिलं आणि म्हणाली, "हा माझा नाही."

एवढंच. रडली नाही, पाय आपटले नाहीत. रडली असती तर जवळ घेता आलं असतं, काहीतरी समजूत घालता आली असती. तिनं बैलाच्या पुढच्या पायाला बोट लावून पाहिलं, बोटाची ओल फ्रॉकला पुसली आणि दूध प्यायला बसली. मी डबा भरत होते. झाकण काही केल्या लागेना.

माती भाऊजींनी शनिवारी आणून दिली होती. बांधावरची, काळीभोर, युरियाच्या रिकाम्या पोत्यात. "घरी बैल तर राहिले नाहीत, मातीचे तरी होऊ द्या," म्हणाले. मी काही बोलले नाही. नानांच्या दावणीचा विषय निघाला की आमच्याकडं सगळेच गप्प होतात. ते राहू दे.

रविवारची दुपार मात्र लिहून ठेवायची आहे, कारण ती फार चांगली गेली. आदल्या रात्री माती घमेल्यात भिजत घातली होती. सकाळी वरचं पाणी ओतून दिलं आणि तिघं मिळून खडे, मुळ्या, गवताच्या काड्या वेचत बसलो. बाळ्यानं दोनदा माती खाल्ली. तिसऱ्यांदा त्याला वेगळा गोळा दिला, तेव्हा कुठं तो खायचा थांबला. मग मी भाकरीचं पीठ मळतात तशी तळहाताच्या टाचेनं माती मळायला लागले. चिऊ शेजारी उकिडवी बसून तिचा वेगळा गोळा मळत होती. कोपरापर्यंत माती. केसांना माती. मध्येच एक बट तोंडावर आली, ती तिनं खांद्यानं मागं सारली. माय भाकरी करताना अगदी अशीच बट सारायची.

मायला फोन केला होता. ती म्हणाली, "नुसती काळी घेऊ नको गं, तडकंल. थोडा कापूस पिंजून घाल." म्हणून देवाच्या वातींचा कापूस काढून बोटांनी पिंजला आणि मातीत मिसळला. काळ्या मातीचा स्वभाव आपल्याला काय नवा आहे? पाणी मिळालं की फुगते, वाळताना आकसते. उन्हाळ्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तेच इवल्याशा बैलाच्या पायात होतं. पाय बारीक, ते लवकर वाळतात. पोट जाड, ते मागं राहतं. दोघांची ओढाताण होते आणि जोडाशी तडा जातो. तंतू असले की ते दोन्हीकडची माती धरून ठेवतात. अजिंठ्याच्या लेण्यांत चित्रांखाली जो मातीचा गिलावा आहे, त्यातसुद्धा भाताचं तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेले आहेत. मागच्या दिवाळीत तिथं उभी होते तेव्हा मी नुसती चित्रं पाहिली. परवा वाती पिंजताना मला तो गिलावा आठवला.

चिऊनं दुपारभर एकच बैल केला. मी तोवर दोन केले, दोन्ही मोडून टाकले, बाळ्याला चाक करून दिलं, ज्वारीच्या ताटाचा गाडा करायला घेतला. ताटाची साल नखानं काढायची, आतल्या पांढऱ्या गाभ्याचे तुकडे करायचे आणि सालीच्या काड्यांनी ते एकमेकांना टोचायचे. लहानपणी आम्ही खळ्यावर बसून असे कितीतरी गाडे केले. बोटांना आठवत होतं, मला आठवत नव्हतं. ती मात्र एका बैलावरून हललीच नाही. जीभ बाहेर काढून, मान वाकडी करून, त्याच्या पायांशी काहीतरी करत होती. संध्याकाळी तिनं तो ताटात ठेवला आणि म्हणाली, "झाला."

तो असा होता. वशिंड जरा मागं सरकलेलं. एक शिंग लांब, एक आखूड. मागचे दोन पाय ताठ आणि पुढचे दोन गुडघ्यात मोडलेले. त्यामुळं तो पुढं पडल्यासारखा, तोंडावर आल्यासारखा दिसायचा.

मी म्हटलं, "छान झालाय हं."

सोमवारी संध्याकाळी पाहिलं तर पोटापाशी बारीक तडा गेला होता. शाळेच्या ग्रूपवर फोटो यायला लागले होते. पोळ्यानिमित्त मुलांनी स्वतः केलेला बैल. एकेक बैल असा की कुंभारानं पाहत राहावं. सोनेरी शिंगं, मण्यांच्या माळा, झुलीला लेस. मी फोन उलटा ठेवला. भांडी घासली. परत सरळ केला.

अकरा वाजता बैल घेऊन बसले. खरंच फक्त तडा बुजवणार होते. पातळ गारा केला, तडा काडीनं खरवडला, कापसाचा धागा दाबला, वरून गारा फिरवला. तडा बुजला. मग वाटलं, हात ओलेच आहेत तर शिंग थोडं वाढवावं. मग वशिंड पुढं घेतलं. मग ते पाय. ओलं फडकं गुंडाळून माती मऊ केली आणि पुढचे दोन्ही पाय सरळ केले, आतून काड्या घातल्या. एक वाजला. बैल चारी पायांवर ताठ उभा होता. मला फार बरं वाटलं, हेही लिहिलं पाहिजे. झोपताना वाटलं, सकाळी ती खूश होईल.

दुपारी शाळेतून आल्यावर मीच विषय काढला. म्हटलं, "चिऊ, तो पडत होता गं, म्हणून मी त्याला नीट केलं."

ती म्हणाली, "पडत नव्हता. तो उठायला होता."

मला आधी कळलंच नाही. मग तिनं फरशीवर करून दाखवलं. दोन्ही गुडघे टेकले, मागची बाजू वर उचलली, मान खाली, आणि मग एक हात पुढं टाकला, दुसरा टाकला, उभी राहिली. "असा उठतो तो. आधी मागून. मामाच्या इथं पाहिला मी."

आधी मागून. हो. गाय, बैल, म्हैस, सगळी आधी मागच्या पायांवर उठतात. पुढचे गुडघे क्षणभर टेकलेलेच असतात. घोड्याचं उलटं असतं, तो पुढून उठतो. हे मला कुणी शिकवायची गरज होती का? माझं सगळं लहानपण गोठ्यात गेलं. पहाटे आण्णा कडबा टाकायला गेले की एकेक जनावर असंच उठायचं. मागचा भाग वर, मग एक मोठा श्वास, मग घुंगरं वाजायची. मी हजार वेळा पाहिलं असेल. तिनं उन्हाळ्यात आठ दिवस पाहिलं आणि लक्षात ठेवलं, मातीत आणलं. आणि मी रात्री काड्या घालून ते पाय सरळ केले.

मला हे सारखं टोचतंय. वाकडं दिसलं की ते चुकलेलंच असणार, असं मी धरून चालले. तिला एकदा विचारलंसुद्धा नाही, की बाई, हे पाय असे का? "छान झालाय" म्हणाले आणि मनात ठरवून मोकळी झाले. विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं.

आणि माझंही कुणी काही बघतं का? सहा वाजता उठते, दोन डबे, बँक, येताना भाजी, बाळ्याचं औषध, अभ्यास. हे शनिवारी येणार, रविवारी रात्रीच्या गाडीनं जाणार. रात्री अकराला मी जो काही चिखल घेऊन बसले तो कुणासाठी? मला हौस होती म्हणून? थोडी होती. पण त्या ग्रूपवर आपल्या लेकराचा बैल वेडाविद्रा दिसू नये, तिला कुणी हसू नये, हेही होतंच. तिला की मला, ते आत्ता नको.

चार वाजता मायला फोन केला. खरं म्हणजे वाटलं, ती म्हणेल, जाऊ दे गं, तूही लहानपणी अशीच करायचीस. म्हणजे मला हलकं वाटेल.

मी तिला वाकळीची गोष्ट काढली. ती निळी वाकळ, मायच्या लुगड्याची आणि आण्णांच्या धोतराची. मी दुसरीत होते. अंगणात पसरून माय आणि काकी धागा घालत होत्या आणि मी हट्ट धरून एका कोपऱ्याला टाके घातले होते. ती वाकळ अजून माझ्याकडं आहे, बाळ्या तिच्यावरच झोपतो. कितीदा चिऊला तो कोपरा दाखवलाय मी, हे बघ, हे तुझ्या आईचे टाके. म्हटलं, "माय, तू माझे टाके तसेच ठेवलेस. आणि मी बघ काय केलं."

माय हसली. म्हणाली, "कशाचे तसेच? उसवले की मी ते. तू झोपल्यावर. हातहातभर धागा सोडला होतास, पायाचं बोट अडकलं असतं लेकराचं. सगळे उसवून परत घातले."

मी गप्प.

"तुला कळालंच नाही कधी?" ती म्हणाली. "मला वाटलं, कळालं असंल."

फोन ठेवून मी आतल्या खोलीत गेले. वाकळीचा कोपरा उजेडात धरून पाहिला. टाके सरळ आहेत. बारीक, एकसारखे, मायचे. तीस वर्षं मी ते माझे म्हणून पाहत आले. सातव्या वर्षी कुणाला असे टाके येतात का? साधं डोळ्यांना दिसणारं होतं.

राग आला की नाही, सांगता येत नाही. थोडा वेळ वाईट वाटलं, आपलं काहीतरी गेल्यासारखं. मग डोळ्यांपुढं माय आली. कंदिलापाशी बसलेली, तोंडात धागा, माझे टाके काढतेय. दिवसभर रानात राबलेली. तिला झोपायचं असणार. तरी बसली. बोट अडकेल म्हणून. तिला कुठल्या ग्रूपवर फोटो टाकायचा नव्हता, हा फरक आहेच, तो मी पुसून टाकणार नाही. पण मध्यरात्री लेकरानं केलेलं हातात घेऊन बसायचं हे आमच्याकडं आधीपासून चालत आलंय तर. नुसती मीच अशी नाही, हे कळून मला उलट आधार वाटला. मायही अशी. आणि तिनं उसवलेल्या वाकळीखाली माझी झोप काही उणी झाली नाही.

फरक एवढाच की मला कळलं नाही आणि चिऊला लगेच कळलं. बोट लावून कळलं. तिची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे. हे लिहिताना मला अभिमान वाटतोय, सकाळी वाटला नव्हता.

संध्याकाळी तिला म्हटलं, "माझं चुकलं. मी विचारायला पाहिजे होतं." ती म्हणाली, "हा तुझा बैल आता. मला माती दे." जोडी तर लागतेच पूजेला. एक तिचा, एक माझा. दिली. तिनं नवीन बैल करायला घेतला. मी शेजारी बसून लसूण सोलला आणि एकदाच विचारलं, "हाही उठायलाय का?" ती म्हणाली, "नाही. हा बसलाय. दमलाय तो."

बसलेल्या बैलाला पाय बारीक करावे लागत नाहीत, अंगाखालीच दुमडलेले. तडकायची भीती कमी. हे मी तिला बोलले नाही. तिला ते माहीत असेल असंही वाटलं.

उद्या खांदमळणी. घरी बैल होते तेव्हा नाना हळद-तूप घेऊन जायचे, खांदा चोळताना त्यांच्या कानाशी म्हणायचे, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. चिऊला ते सांगायचं आहे. डाळ भिजवायची राहिली. उठते.

पावणेबारा

डाळ भिजवायला गेले तर ओट्यावर दोन ताटं. एका ताटात माझा, ताठ उभा. दुसऱ्यात तिचा, बसलेला, त्याच्यावर वाटी उपडी घातलेली. आणि दोन्हींच्या मध्ये ओल्या फडक्यात गुंडाळलेला मातीचा गोळा. झोपायच्या आधी ती ओट्यापाशी काय करत होती ते आत्ता कळलं. "पाणी पिते," म्हणाली होती. झोपायला जाताना दारातून वळून मला असंही म्हणाली होती, "आई, फडक्यात आहे ते तुझं. रात्री तुला करायचं असेल तर त्याचं कर." मी तेव्हा बाळ्याला थोपटत होते, हूं म्हटलं.

डाळ भिजवली. हात धुतले. मग फडकं उघडलं. माती चांगली मऊ राहिली होती.

काय करावं ते सुचेना. बैल नकोच होता. शेवटी गव्हाण केली. लांबट, काठ जरा उचललेले. बसलेल्या बैलाचं तोंड पोचेल अशी ठेवून पाहिली. एक काठ आत कललाय. कडब्यापुरती जागा आहे. सकाळी तिला विचारते.