ताडाच्या लाकडाचे पेन टिकते का?

मी कातलेली लाकडी पेने पाहणारे लोक शिसवी आणि सागवानी पेनांवरून नजर फिरवून काळ्या-तपकिरी रेघांच्या पेनापाशी थांबतात, आणि ते ताडाचे आहे असे सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. ताडाला लाकूड असते का, आणि असलेच तर त्या तंतूंच्या खोडाचे पेन टिकते का? सोलापुरात हा प्रश्न साहजिक आहे. उन्हाळ्यात आपण ताडगोळे खातो, ओढ्याकाठची शिंदीची झाडे येताजाता पाहतो, पण त्यांचे खोड आतून पाहण्याची वेळ फार थोड्यांवर येते. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

ताड, नारळ, शिंदी, सुपारी ही सगळी झाडे एकदल वर्गातली आहेत. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ती सागवानापेक्षा मंगळवेढ्याच्या ज्वारीला अधिक जवळची ठरतात. सागवानाच्या सालीखाली वाढीचा एक जिवंत थर असतो, तो दरवर्षी नवे लाकूड घालत जातो आणि त्यातून वलये तयार होतात. ताडात तो थरच नाही. म्हणून वलये नाहीत, फांद्या फुटत नसल्यामुळे गाठी नाहीत, आणि आपण ज्याला ताडाचे लाकूड म्हणतो ते प्रत्यक्षात दोन अगदी वेगळ्या पदार्थांचे मिश्रण असते: अन्नपाणी वाहणाऱ्या नलिकांभोवतीचे कठीण, काळसर तंतूंचे जुडगे आणि त्या जुडग्यांमधला फिकट, मऊ भाग. हे जुडगे खोडात उभे धावतात, पण त्यांना आडवे बांधून ठेवणारे फारसे काही नसते. मागावर ताणा लावलेला आहे आणि बाणा घातलेलाच नाही, अशी ही रचना आहे. पेन टिकेल की नाही, याचे उत्तर या एका गोष्टीत आहे. ताडाचे पेन टिकते. मात्र जो बाणा झाडाने घातलेला नाही, तो करणाऱ्याला घालावा लागतो.

पहिला निर्णय खोडाचा कोणता भाग घ्यायचा हा असतो. तंतूंची दाटी परिघाकडे जास्त आणि गाभ्याकडे विरळ असते, तशीच ती बुंध्याशी जास्त आणि शेंड्याकडे कमी असते. नारळाच्या लाकडाची तर प्रतवारीच यावरून करतात. घनमीटरला 600 किलोच्या वर भरेल ते कठीण, 400 ते 600 मधले मध्यम आणि त्याखालचे मऊ. एकाच खोडात या तिन्ही प्रती सापडतात. सागवान साधारण 650 च्या आसपास भरते हे लक्षात घेतले, तर परिघाकडचे लाकूड किती भक्कम असते याची कल्पना येईल. गाभ्याचे लाकूड मी पेनाला वापरत नाही. राळ भरून त्याचेही पेन करता येते, पण मग हातात लाकडापेक्षा राळच जास्त उरते आणि ते मला पटत नाही.

पेनासाठी जिवंत झाड तोडणेही मला मान्य नाही, आणि त्याची गरजही पडत नाही. आपल्या शहरातल्या अनेक विणकर कुटुंबांची मूळ गावे तेलंगणात आहेत. तिकडच्या जुन्या घरांना ताडाच्या तुळया आणि वासे असतात, आणि घर उतरवले की त्यांचे तुकडे ओळखीतून माझ्यापर्यंत येतात. वर्षानुवर्षे छताखाली राहिलेले हे लाकूड पुरते वाळलेले असते, हा त्याचा सर्वांत मोठा गुण. फक्त करवत लावण्याआधी त्यात खिळा राहिलेला नाही ना, हे नीट तपासावे लागते. ओले खोड मिळाले, तर ते सोलापूरच्या वैशाखात उन्हात टाकणे म्हणजे ते फुटायला ठेवणे होय. मी त्याचे परिघाकडचे भाग चिरून घेते, दोन्ही टोकांना मेण लावते आणि सावलीत, हवा खेळेल असे रचून ठेवते.

यानंतरचा भाग मला सगळ्यांत आवडतो, तो म्हणजे कापण्याची दिशा ठरवणे. पेनाच्या तुकड्याचे नेहमीचे माप साधारण 19 मिलिमीटर जाड आणि 125 मिलिमीटर लांब असते. तंतूंच्या दिशेने सरळ कापला तर पेनावर उभ्या रेघा येतात, आडवा कापला तर दोन बाजूंना ठिपके दिसतात, आणि तिरका कापला तर प्रत्येक जुडगा लांबट थेंबाच्या आकारात पृष्ठभागावर उमटतो. दिसायला तिरका काप सर्वांत देखणा आहे यात शंका नाही. पण तिरक्या कापात तंतूंची टोके बाहेर येतात, आणि पटाशी डावीकडून चालवा की उजवीकडून, गोलाईच्या एका बाजूला ती तंतूंच्या उलट जातेच; तिथे टवका उडण्याची भीती असते. आडवा काप तर इतका कमकुवत असतो की भोक पाडतानाच तुकडा दुभंगू शकतो. म्हणून रोज खिशात राहणाऱ्या पेनाला मी सरळ किंवा अगदी थोडा तिरका कापच सुचवते.

भोक पाडताना घाई चालत नाही. बारीक बॉलपेनाला 7 मिलिमीटरची पितळी नळी लागते. ड्रिलचे टोक कठीण तंतूवरून मऊ भागाकडे घसरू पाहते, त्यामुळे गती कमी ठेवून, दर थोड्या खोलीला ड्रिल बाहेर काढून भुसा मोकळा करावा लागतो. नाहीतर उष्णतेने तुकडा तडकतो. नळी खरवडून इपॉक्सीने आत बसवली की पेनाला आतून आधार मिळतो. बाहेरून बांधणी करण्यासाठी, आधी ज्याला बाणा म्हटले त्यासाठी, फेव्हिक्विकच्या जातीचा अगदी पातळ गोंद लागतो. तो मऊ भागात झिरपतो आणि सुट्या तंतूंना एकत्र धरतो. लाकूड ओलसर असेल तर तो वरच्या वरच आवळतो आणि आत जात नाही, म्हणून वाळवण्यावर माझा एवढा भर आहे. त्याची वाफ डोळ्यांना झोंबते. खिडकी उघडी हवीच.

लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातण्याच्या यंत्रावर, तुकडा चढवल्यावर धारेची परीक्षा सुरू होते. ताडाच्या तंतूंलगत सिलिकाचे सूक्ष्म कण असतात आणि ते साध्या पोलादाची धार लवकर मारतात. बोथट पटाशी कठीण तंतू कापत नाही, तो मुळासकट उपटते, आणि तिथे खड्डा पडतो. म्हणून मी एक तर कार्बाइडचे पाते वापरते किंवा पटाशीला पुन्हा पुन्हा धार लावते, लेथची गती वाढवते आणि दर वेळी अगदी पातळ थर काढते. निम्मे कातकाम झाले की थांबून पुन्हा गोंद पाजते, कारण पहिला गोंद वरवरच्या थरातच असतो आणि तो थर तोवर निघून गेलेला असतो. पॉलिश पेपर मारताना काळ्या तंतूंची भुकटी फिकट भागात बसते व सगळे पेन मळकट दिसू लागते, तेव्हा दर कागदानंतर ती हवेने उडवावी. आणखी एक महत्त्वाचे सांगते. ताडाचे कुसळ सुईसारखे आत शिरते आणि ठणकते. कच्चे लाकूड हाताळताना हातमोजे घालावेत, परंतु फिरत्या लेथजवळ ते काढूनच जावे, कारण मोजा अडकला तर हातच ओढला जातो.

काही जण शाईचे संपूर्ण पेन ताडाचेच मागतात. त्यांना मी नकार देते. टोपणासाठी आटे पाडायचे, तर पदार्थ सर्व बाजूंनी एकसारखा हवा. आंध्र प्रदेशातल्या राजमहेंद्रवरमची (राजमुंद्रीची) 1932 पासूनची रत्नम पेने प्रसिद्ध आहेत, ती एबोनाइटची, म्हणजे कडक केलेल्या रबराची. त्या पदार्थात आटे स्वच्छ उतरतात आणि वर्षानुवर्षे राहतात. ताडात मऊ भागातला आटा चुरा होऊन निघतो. म्हणून आटे आणि निबेखालचा भाग एबोनाइटचा, आणि बाहेरचा देह ताडाचा, अशी जोडणी मी करते. वरून नुसते तेल पुरत नाही, कारण उघडी राहिलेली छिद्रे घाम आणि शाई दोन्ही शोषतात. त्याच पातळ गोंदाचे थर देऊन शेवटी चकाकी थोडी मारली, की पेन निसरडे लागत नाही.

शेतातली शिंदी वठली आहे, तिचे पेन होईल का, असेही आता विचारले जाते. होईल, पण शिंदीचे तंतू भरड असतात आणि रसासाठी वरच्या भागात घातलेल्या खाचांमुळे तिथले खोड उपयोगाचे नसते. त्यामुळे बुंध्याकडचा वीतभर लांबीचा, परिघासकट चिरलेला तुकडा आणावा, तो कुजलेला नसावा, आणि उन्हात वाळवण्याऐवजी टोकांना मेण लावून तसाच माझ्याकडे द्यावा.