वरची चौकट शेवटी भरा

दुसरीच्या मुलांना माहितीपर परिच्छेद लिहायला शिकवताना मला सगळ्यात जास्त छळलं ते त्या छापील तक्त्याने. वर एक लांब चौकट: मुख्य वाक्य. तिच्याखाली तीन चौकटी: तपशील. तळाला आणखी एक लांब चौकट: शेवटचं वाक्य. तक्ता वरून खाली छापलेला, म्हणजे भरायचाही वरून खाली, असं मी धरून चालले आणि तिथेच गाडं अडलं.

विषय होता गांडूळ. माहिती गोळा करणं जड गेलं नाही, मुलांना अशा जिवांची ओढ असतेच. पण तक्ता हातात पडला आणि वर्ग गप्प झाला. एक मुलगा वरच्या चौकटीच्या कोपऱ्यात पेन्सिलीचं टोक फिरवत बसला, कागदाला भोक पडेपर्यंत. ज्यांनी लिहिलं त्यांची वाक्यं दोनच प्रकारची. "मी आज गांडुळाविषयी माहिती सांगणार आहे" किंवा "मला गांडूळ खूप आवडते". पहिल्या वाक्यात गांडुळाच्या जागी ज्वालामुखी घातला तरी चालेल. दुसरं वाक्य गांडुळाबद्दल नाहीच, लिहिणाऱ्याबद्दल आहे. मी पुन्हा समजावलं, फळ्यावर नमुने लिहिले. मुलांनी नमुनेच उतरवून काढले. तीन आठवडे हेच चाललं. वह्या तपासताना त्याच ओळीखाली लाल रेघ ओढायची वेळ आली की मला राग यायचा, मुलांचा नाही, त्या चौकटीचा.

मग एका संध्याकाळी लक्षात आलं. मुख्य वाक्य म्हणजे तपशिलांची बेरीज. मी सात वर्षांच्या मुलांना सांगत होते की बेरीज आधी लिहा, आकडे मागून शोधा!

दुसऱ्या दिवशी तक्ता कपाटात ठेवला आणि कागदाच्या पट्ट्या कापल्या. एका पट्टीवर एकच गोष्ट. गांडुळाला फुप्फुसं नसतात. ते ओलसर त्वचेतून श्वास घेतं. त्वचा सुकली तर ते मरतं. त्याला डोळे नसतात, तरी उजेड कळतो. ते माती आणि कुजलेला पाला खातं. त्याच्या बिळांतून मातीत हवा आणि पाणी शिरतं. त्याच्या विष्ठेने माती सकस होते. चौघाचौघांच्या गटाला या सात पट्ट्या दिल्या आणि एवढंच सांगितलं, "ज्या एकमेकींच्या शेजारी शोभतील त्या जवळ ठेवा."

बराच वेळ वादावादी झाली. ती मी होऊ दिली. एका गटात माती खाण्याची पट्टी श्वासाच्या पट्टीशेजारी गेली होती. एक मुलगी म्हणाली, "नाही, हे त्याच्या अंगाबद्दल आहे, ते मातीबद्दल आहे." तिने मधोमध पेन्सिल आडवी ठेवली. दोन ढीग झाले. मी मातीच्या ढिगावर बोट ठेवून विचारलं, "या सगळ्या पट्ट्या मिळून काय सांगतात?" भोक पाडणारा मुलगा त्याच गटात होता. तो पटकन म्हणाला, "गांडूळ माती चांगली करतं." मी ते वाक्य रंगीत पट्टीवर लिहून ढिगाच्या डोक्यावर ठेवलं. मला इतका आनंद झाला की ती पट्टी मी अजून जपून ठेवली आहे.

एक सांगायचं राहिलं, खरं तर ते आधीचं आहे. पट्टी लिहिण्यापूर्वी मुलांना पुस्तक मिटायला लावा आणि ती गोष्ट शेजारच्याला तोंडी सांगायला लावा. पुस्तक उघडं राहिलं की मूल त्यातली वाक्यं जशीच्या तशी उतरवतं.

ढीग लागल्यावर प्रत्येक पट्टीला "म्हणजे कसं?" विचारा. बिळांमुळे हवा शिरते, म्हणजे कसं? "म्हणून मुळांना श्वास घेता येतो." 'कारण' आणि 'म्हणून' हे दोन जोडशब्द या वयाला पुरतात. ते दिले नाहीत तर प्रत्येक वाक्य 'आणि मग'ने सुरू होतं आणि परिच्छेदाची गोष्ट होते.

पहिल्या खर्ड्यात ऱ्हस्व-दीर्घाला हात लावू नका. मी लावला होता. पुढच्या वेळी एका मुलीने 'फुप्फुसं' सोडून 'नाक' लिहिलं, कारण ते चुकणार नव्हतं.

तळाची चौकट मी काढूनच टाकली. चार-पाच वाक्यांच्या परिच्छेदात मुलं तिथे पहिलंच वाक्य पुन्हा लिहितात.

पुढचा विषय मुंगी. यावेळी पट्ट्या मुलांनीच मागितल्या. वाट दाखवायला मुंग्या वास सोडतात, त्या वासावरून बाकीच्या येतात, असा एक ढीग लागला. भोक पाडणाऱ्या मुलाच्या हातात एक पट्टी उरली होती: कामकरी मुंग्या सगळ्या माद्या असतात. ती त्याला फार आवडली होती. त्याने ती ढिगाजवळ नेली, मागे घेतली, पुन्हा नेली. मग घडी घालून कंपासपेटीत ठेवली आणि मला म्हणाला, "ही दुसऱ्या परिच्छेदातली आहे, बाई."